जुनीचा पहारा

ऑफिसात तिला सगळे किल्लेदार म्हणायचे. किल्ली तिच्याकडे म्हणून ती किल्लेदार, एवढा साधा हिशोब. घरी मात्र ती जन्मापासून धाकटी होती आणि पन्नाशी जवळ आली तरी धाकटीच राहिली होती.

ती ज्या संस्थेत कामाला होती तिथे कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम तयार व्हायची. शाळा, दवाखाने, वाचनालयं, कुणीही ती घ्यावी आणि वापरावी. सिस्टिम म्हणजे शेवटी हजारो पॅकेजेसचं, म्हणजे लहानमोठ्या प्रोग्राम्सचं, एक भलं मोठं गाठोडं. त्यातलं एक पॅकेज धाकटीच्या ताब्यात होतं. आकाराने ते सगळ्यात चिमुकलं. आत कोड असा नव्हताच. कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत निम्मीअधिक सिस्टिम लिहिलेली होती, तिची दोन व्हर्जन्स शेजारी शेजारी नांदत होती, आणि एखाद्या प्रोग्रामने नुसतं भाषेचं नाव घेतलं तर त्याला कुठलं व्हर्जन द्यायचं, तेवढं या पॅकेजमध्ये ठरलेलं होतं. भरल्या घरात कुणी नुसतं ‘काका’ म्हणून हाक मारली तर कुठल्या काकाने ओ द्यायची, हे ठरवण्यासारखंच ते काम.

आणि धाकटीच्या पॅकेजमध्ये अजून ओ द्यायची ती जुनी, म्हणजे त्या भाषेचं आधीचं व्हर्जन.

नवी आली त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. जुनीला जन्म देणाऱ्यांनीच मध्यंतरी तिच्यावर पाणी सोडलं. यापुढे तिच्यात काही भोक सापडलं तर आम्ही बुजवणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. जगभर लोक नवीकडे गेले. इथे मात्र दर बैठकीत विषय निघायचा आणि धाकटी म्हणायची, “अजून नको.”

कारणं तिच्याकडे तयार असायची. कधी अमुक पॅकेज मोडेल, कधी तमुक अजून तपासलेलं नाही. खोटी नव्हती ती कारणं. पण खरं कारण ते नव्हतं.

त्या दिवशीच्या बैठकीत मॅडम, म्हणजे विभागाच्या प्रमुख, आल्या त्याच चेहरा पाडून. बैठकीच्या खोलीला काचेची मोठी खिडकी होती, ती उघडण्याची सोय नव्हती. सगळे बसल्यावर मॅडम म्हणाल्या, “एका वाचनालयाची सगळी यंत्रं काल कुणीतरी बाहेरून ताब्यात घेतली. आत शिरायला वाट मिळाली ती जुनीमधून.”

जुनीतली भोकं बुजवायला आता जगात धाकटीशिवाय फारसं कुणी उरलं नव्हतं. रोज सकाळी येऊन ती ठिगळं लावत बसायची. हे भोक तिच्या नजरेतून सुटलं होतं.

“किल्लेदार,” मॅडम म्हणाल्या, “तुम्ही नको म्हणता म्हणून सगळे थांबलेत. या आठवड्यात मला एकतर तारीख द्या, नाहीतर खरं कारण द्या.”

बाहेर पडताना दाढीने तिला गाठलं. दाढी म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. दवाखान्यांच्या उपकरणांची पॅकेजेस त्याच्याकडे होती, आणि दाढी कधीच काढून टाकली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

“काय गं, एवढं काय अडलंय तुझं? जुनीशी लग्न लागलंय का?”

“लग्न असतं तर बरं होतं, मोडता आलं असतं,” ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

तिचं जे अडलं होतं ते घरी होतं.

दादाची दृष्टी ऐन चाळिशीत गेली. तो गणिताचा मास्तर. फळ्यावर पाठमोरा राहून समीकरण लिहिता लिहिता मागच्या बाकावरची खुसपूस ओळखणारा. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा शाळा सुटली, आणि काही महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तेव्हा धाकटीनेच कुठून कुठून शोधून एक प्रोग्राम आणला. घरात सगळे त्याला वाचक म्हणायचे. पडद्यावर जे असेल ते तो आवाजात वाचून दाखवायचा, आणि त्याचं वैशिष्ट्य हे की तो गणित वाचायचा. वर्गमूळ, अपूर्णांक, कंसातला कंस, सगळं. दादा उठून बसला. पुढे घरूनच कॉम्प्युटरवर शिकवायला लागला. वाचकाचा वेग त्याने एवढा वाढवून ठेवला होता की इतरांना नुसता गुळण्या केल्यासारखा आवाज यायचा. त्याला त्यातलं अक्षर न् अक्षर कळायचं.

हा वाचक लिहिलेला होता जुनीमध्ये. लिहिणारा गृहस्थ कधीच गप्प झाला होता. मेला, की कंटाळला, कुणास ठाऊक. पत्राला उत्तर नाही. नवीत अक्षरं हाताळायची रीतच बदलली होती. जुनी प्रत्येक चिन्हाचे तुकडे करून प्रोग्रामच्या हातात द्यायची, नवी ते अख्खं द्यायची. वाचकाची सगळी हयात तुकडे जुळवण्यात गेलेली. अख्खं काही समोर आलं की तो गांगरायचा.

दादाचं तेवढं एक यंत्र तसंच जुनीवर गोठवून ठेवावं, हा विचार तिने करून पाहिला होता. पण वाचकाचा आवाज ज्या पॅकेजमधून यायचा ते सिस्टिमबरोबर बदलणार होतं, आणि शिकवणी चालायची इंटरनेटवरून. भोकं पडलेलं यंत्र घेऊन तो जगासमोर बसणार. वाचनालयाचं झालं ते त्याचंही व्हायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

हे सगळं तिने दादाला कधी सांगितलं नव्हतं. ऑफिसात दादाबद्दल सांगितलं नव्हतं, घरात ऑफिसबद्दल. दोन्हीकडे ती एकटीच पहारा देत होती.

वाचक नवीत आणायचं काम मात्र ती मिळेल त्या वेळात करत आली होती. बैठकीनंतर तिने दुसरं सगळं बाजूला ठेवलं आणि त्याच्याच मागे लागली. एका सुट्टीच्या सकाळी वहिनी दादाला घेऊन केस कापायला गेली, तेव्हा तिने त्याच्या यंत्रावर नवी बसवली, वाचक बदलला, आणि एकेक गणित टाइप करून ऐकलं. बेरीज बरोबर. घात बरोबर. वजाबाकी बरोबर. कंसात कंस, तोही बरोबर. आवाज तोच, वेग तोच. खुर्चीत मागे टेकून ती एकटीच हसली.

दादा परत आला, मानेवरचे बारीक केस झटकत यंत्रासमोर बसला, आणि दुपारची शिकवणी घेतली. त्याला काही कळलं नाही. आता कशाला सांगायचं, असं तिने स्वतःला सांगितलं. सांगितलं असतं तर तो उगाच प्रत्येक शब्दाला कान टवकारून बसला असता.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना तारीख दिली. मॅडमनी ती तिथल्या तिथे जाहीर करून टाकली. दाढीने तिच्या टेबलावर कॉफीचा कप आणून ठेवला आणि म्हणाला, “सुटलीस बघ.”

तिलाही तसंच वाटलं.

त्यानंतर किती दिवस गेले हे तिला नंतर आठवेना, कारण ऑफिसात बदलाची धांदल उडाली होती. पण एका संध्याकाळी ती घरी आली तर दादाची खोली शांत होती. तो पलंगावर बसला होता, हात मांडीवर, तोंड भिंतीकडे.

वहिनी स्वयंपाकघरात होती. तिने नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाआड म्हणाली, “शिकवण्या बंद केल्यात त्यांनी.”

“का?”

“चुकतायत. सारखे चुकतायत. परवा एका मुलीने सगळ्यांसमोर सांगितलं, सर, तिथे वजा आहे. त्यांनी परत ऐकलं आणि म्हणाले, नाही, अधिकच आहे. मग बाकीची मुलं पण बोलली.” वहिनीने ओल्या हाताच्या पाठीने नाक पुसलं. “मला म्हणाले, बाबांसारखं होतंय माझं.”

बाबा शेवटी शेवटी स्वतःच्या घरात वाट चुकायचे. चपला कपाटात ठेवायचे आणि धाकटीला “तुमचे वडील कुठे असतात?” असं विचारायचे. दादाला साऱ्या जगात भीती कशाची असेल तर त्याचीच.

“डॉक्टरची वेळ घेतलीय,” वहिनी म्हणाली. “मेंदूच्या.”

धाकटी आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. काय झालं असणार ते तिच्या डोक्यात लख्ख उभं राहिलं. तिने गणितं स्वतः टाइप केली होती. कीबोर्डवरची आडवी रेघ वेगळी आणि छापील पुस्तकात, प्रश्नपत्रिकेत येते ती वजाची रेघ वेगळी. माणसाच्या डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, यंत्राला त्या दोन निराळ्या गोष्टी. जुनीमध्ये त्या दुसऱ्या रेघेचे तुकडे वाचकाला ओळखता यायचे. नवीमध्ये ती अख्खी समोर आली, आणि ओळख पटली नाही म्हणून वाचक तिला मुकाट्याने ओलांडून पुढे जात होता. अडला असता तर कळलं असतं. तो अडत नव्हता, नुसता गाळत होता. वजा पाच म्हणजे पाच. आणि दोन संख्यांच्या मध्ये काहीच ऐकू आलं नाही की दादा सवयीने तिथे अधिक धरत होता.

दुरुस्ती तशी किरकोळ होती. दादा आंघोळीला गेला तेवढ्यात तिने ती करून टाकली. एक छापील प्रश्नपत्रिका उघडून ऐकली. वजा, वजा, वजा. आता प्रत्येक वजा ठणठणीत ऐकू येत होता.

झालं, असं तिला वाटलं. आता तो परत बसेल, सगळं बरोबर येईल, डॉक्टर म्हणेल काही नाही झालेलं, आणि कुणाला काही कळायचं कारणच राहणार नाही.

पण दादा बसेना. ती म्हणाली, “दादा, एकदा प्रयत्न तर कर.” तो म्हणाला, “नको गं.” वहिनीने मुलांचे निरोप वाचून दाखवले. “त्यांना म्हणावं, दुसरा मास्तर बघा,” तो म्हणाला. यंत्र दुरुस्त झालं होतं, पण माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता, आणि त्यावर कुठलं ठिगळ लावायचं ते तिला येत नव्हतं. जेवताना तो ताटातल्या वाट्या बोटाने मोजायला लागला, आपल्याला अजून मोजता येतं का ते बघायला.

ऑफिसात तारीख जाहीर झालेली. घरात डॉक्टरची वेळ ठरलेली. बोललं तरी पंचाईत, न बोललं तरी पंचाईत.

डॉक्टरकडे ती बरोबर गेली. वहिनीला औषधांच्या दुकानातून, म्हणजे तिच्या नोकरीवरून, सुट्टी मिळाली नव्हती. वाट बघायच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. एकजण हलला की सगळी रांग हलायची. दादा काठी गुडघ्यांत धरून बसला होता. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ आपल्या मुलीला पुन्हा पुन्हा विचारत होते, “आपण इथे कशाला आलोय?”

दादा तिकडे कान देऊन ऐकत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“दादा,” ती म्हणाली.

“हं.”

“तुला काही झालेलं नाही.”

“ते डॉक्टर सांगतील.”

“नाही. मी सांगतेय. वाचक चुकत होता. मी बदलला होता तो, तू केस कापायला गेला होतास तेव्हा. नवीवर आणला. वजाचं चिन्ह गाळत होता तो. तू जे ऐकलंस ते बरोबरच सोडवलंस. तुला ऐकूच चुकीचं येत होतं.”

दादा हलला नाही. मग खुर्च्यांची रांग जराशी थरथरली, म्हणून तिला कळलं की त्याचे पाय थरथरतायत.

“हे तुला कधीपासून माहीत आहे?”

“तू शिकवण्या बंद केल्यास त्या संध्याकाळपासून.”

“आणि एवढे दिवस मला...” तो थांबला. आवाज खाली ठेवायला त्याला कष्ट पडत होते. “मी बाबांची आठवण काढून रडत होतो गं. बाथरूममध्ये. नळ सोडून.”

“मला वाटलं दुरुस्त केलं की तू बसशील. तुला कळायचंच नाही.”

“मला कळायचंच नाही,” त्याने हळू म्हटलं. “बदललास का पण? चांगला चालला होता.”

मग तिने सगळं सांगितलं. आडून आडून नाही, एका दमात. जुनीचं, नवीचं, बैठकांचं, वाचनालयाचं. दोन वर्षं ती कशी ‘अजून नको’ म्हणत आली ते. पलीकडचे म्हातारे गृहस्थही गप्प होऊन ऐकायला लागले होते.

“म्हणजे एवढी माणसं खोळंबली,” दादा म्हणाला. “कुणासाठी?”

“तुझ्यासाठी.”

“मी खोळंबवलं होतं?”

दादाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“तुझ्या ऑफिसात कुणाला ठाऊक आहे का, तुला एक आंधळा भाऊ आहे?”

“नाही.”

“का नाही?”

तेवढ्यात आतल्या दाराशी उभ्या असलेल्या बाईने दादाचा नंबर पुकारला. तो उठला. धाकटी हात धरायला पुढे झाली तर त्याने काठी मध्ये आणली.

“मी एकटा जातो. आलोच आहे तर तपासून घेतो. तुझ्या शब्दावर कसा राहू आता?”

डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं. रात्री जेवण झाल्यावर दादाने आधी वहिनीला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि मग धाकटीला.

“हे वाचक प्रकरण संपलं,” तो म्हणाला. “आमच्या आंधळ्या मंडळींत सगळे दुसराच प्रोग्राम वापरतात. मला कितीजण म्हणाले होते. मीच याला सोडत नव्हतो. तो दुसरा गणित नीट वाचत नाही, पण वाढतोय, चार माणसं आहेत त्याच्यामागे. तो घेईन. जमेल तसं शिकवीन.”

“दादा, वाचक आता बरोबर वाचतो. खरंच. मी सगळं...”

“तू सगळं, तू सगळं! तेच तर नको आहे मला.” पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “उद्या तू आजारी पडलीस तर मी मुका? माझ्या कानाशी काय चाललंय ते मला माहीत पाहिजे. चुकलं तर कुणाला शिव्या घालायच्या ते पाहिजे. बहिणीला किती घालणार?”

वहिनी हसली. धाकटीला हसू आलं नाही.

“आणि ऑफिसात सांग,” तो म्हणाला. “मी सांगायला लावलं म्हणून सांग हवं तर.”

तिने सांगितलं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “दोन वर्षांपूर्वी बोलला असतात तर दोन माणसं दिली असती मी वाचकासाठी.” त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. त्या दिवशी दाढीने बदलाआधी तपासायला तिच्या वाट्याला आलेली चार पॅकेजेस न विचारता तपासून टाकली.

ठरलेल्या तारखेला तिने त्या चिमुकल्या पॅकेजमध्ये नाव बदललं. एवढी वर्षं जी गोष्ट डोंगराएवढी वाटत होती, ती एका ओळीत उरकली. मग मोडायला लागलं. छपाईचं मोडलं, घड्याळाचं मोडलं, एका गावातल्या शाळेचं वेळापत्रकच दिसेना. सगळ्यांच्या तक्रारी तिच्याकडे. आधी ती जुनीला ठिगळं लावत होती, आता नवीपायी मोडलेलं जोडत होती. आगीतून फुफाट्यात. तिने मॅडमना रीतसर सांगून पाहिलं, हे पॅकेज आता दुसऱ्या कुणाला द्या. मॅडम म्हणाल्या, “घेणारा शोधून आणा.” तिने सगळीकडे विचारलं. कुणाकडे वेळ नव्हता, कुणाला धास्ती वाटत होती. एकजण तर प्रामाणिकपणे म्हणाला, “किल्लेदार, तुमचे हाल बघितलेत आम्ही.”

घरी दादाने नवा प्रोग्राम घेतला. त्याच्या गोटातला कुणीतरी येऊन बसवून गेला. धाकटीला खोलीत यायची गरज पडली नाही. नव्या प्रोग्रामचा आवाज घोगरा होता आणि वर्गमूळ आलं की तो भलतंच काही बरळायचा. काही मुलं शिकवणी सोडून गेली. जी राहिली ती चिन्हं तोंडाने वाचून दाखवायची, आणि दादा म्हणायचा, “थांबा, मला पण जरा शिकू द्या रे.”

एका दुपारी ती घरूनच काम करत होती. मधली भिंत पातळ. पलीकडे तो घोगरा आवाज एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता आणि दरवेळी अपूर्णांकापाशी अडखळत होता. काय चुकतंय ते तिला ऐकूनच कळलं. एक सेटिंग बदलायचं, दोन मिनिटांचं काम. ती उठली, व्हरांड्यातून त्याच्या दारापर्यंत गेली. आत दादाने एक अस्सल शिवी हासडली आणि ओळ परत वाचायला लावली.

ती दाराशी उभी राहिली. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं.

“अगं ए,” आतून दादाने हाक मारली, आणि तिचा हात पुढे गेला. पण हाक वहिनीला होती. “अगं, ऐकतेस का? त्या मंडळींना फोन लाव बघू. हे काहीतरी घोटाळा करतंय.”

वहिनी फोन शोधत आली, दारात उभ्या असलेल्या धाकटीला वळसा घालून आत गेली. धाकटी तिथून परत फिरली आणि आपल्या टेबलाशी येऊन बसली. पडद्यावर तक्रारींची रांग वाढलेली होती. पलीकडे दादा फोनवर कुणाला तरी तपशीलवार सांगत होता, काय ऐकू येतंय आणि काय यायला हवं होतं. तिने रांगेतली पहिली तक्रार उघडली, पण कितीतरी वेळ ती वाचलीच नाही.